दासोबुवांनी कोंडलेली गाणी

एका राज्यात गाण्याशिवाय पान हलत नसे. हे मी बोलण्याच्या भरात सांगत नाही, खरोखरच हलत नसे. पहाटे वेशीवर प्रभाती म्हटली की वेशीचे दरवाजे आपणहून उघडत. गाईची धार काढायचं गाणं वेगळं, ताक घुसळायचं वेगळं, आणि तान्ह्या बाळाला निजवायचं गाणं तर असं गुणी, की आईनं दुसरी ओळ घेण्याआधीच बाळ घोरू लागे. त्या राज्याचा राजा पद्मसेन सुखी होता. त्याला फारसं काही करावंच लागत नसे, आणि असा राजा मिळायलाही नशीब लागतं.

ही सारी गाणी बांधली होती दासोबुवांनी. बुवा दरबारचे रचनाकार. वय पुष्कळ झालेलं, अंगानं काटक, भुवया पांढऱ्या शुभ्र. स्वभाव म्हणाल तर विचारू नका. समोर कुणी गायला बसलं आणि एखादा सूर इकडचा तिकडे झाला, की बुवा जिभेनं नुसतं "च्च" करत. शिवी नाही, ओरडा नाही, फक्त "च्च". पण तेवढ्यानं भलेभले गवई घामाघूम होत. रचनाकारांच्या रीतीप्रमाणे बुवाही प्रत्येक चिजेच्या शेवटच्या ओळीत आपलं नाव गुंफत, 'दासो सांगे' असं. तिला छाप म्हणत. छाप ऐकली की माणसं आदरानं कानाला हात लावत आणि बुवांना ते मनातून फार आवडे.

घरी बुवांना एकच नात, लवंगिका. तिचे आईबाप ती रांगत असतानाच गेले. बुवांनी तिला वाढवली, आणि वाढवली म्हणजे काय, दुधाबरोबर गाणंच पाजलं. शिकवताना ते तिचे बुवा, जेवताना आजोबा. पोरीचा आवाज असा, की पाणवठ्यावरच्या बायका भरून वाहणारी घागर विसरून ऐकत उभ्या राहत. तिला आजोबांच्या चिजांवाचून दुसरं एकही गाणं येत नव्हतं. बुवांनी येऊच दिलं नव्हतं.

एके दिवशी बुवा नदीकाठानं चालले होते. एक परीट धुणं आपटता आपटता गात होता. चीज बुवांचीच, आणि साधीसुधी नव्हे, त्यांची सगळ्यांत लाडकी: 'पैलतीरी उजाडले, नावाड्या, नाव सोड.' बुवांनी 'उजाडले' या शब्दावर सूर सरळ ठेवला होता, काठीसारखा. परीट त्याला मजेत झोका देत होता. बुवा तरातरा त्याच्यापुढं जाऊन उभे राहिले.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"कुणी नाही, महाराज. आमच्या आळीत सगळे असंच म्हणतात."

सगळी आळी! बुवा घरी आले ते न जेवता बसून राहिले. छातीत अलीकडे कळ येत असे. राजवैद्यांनी नाडी पाहून काही न बोलता हात खाली ठेवला होता, आणि बुवा समजायचं ते समजले होते. मी डोळ्यांदेखत असताना हे हाल, मग मी गेल्यावर काय होईल, असं त्यांच्या मनात आलं. हा झोका देईल, तो मुरकी घालील, तिसरा अंतराच खाऊन टाकील. माझं म्हणून चिजेत मग उरणार काय? बुवांना मरणाचं भय नव्हतं असं ते स्वतःला सांगत. भय होतं. फक्त ते चिजांच्या नावानं बाहेर पडत होतं.

काजळमाथा नावाच्या डोंगरावर वज्रनाभ नावाचा मांत्रिक राहत असे. बुवा काठी टेकत टेकत तिथं पोचले, तेव्हा तो गुहेच्या तोंडाशी शेंगा सोलत बसला होता. मांत्रिक झाला म्हणून पोट कुठं चुकतं?

"काय इच्छा आहे?" वज्रनाभानं विचारलं.

"माझ्या चिजा आहेत तशा राहाव्यात. एक सूर हलू नये. मी गेल्यावरही."

"विचार करून मागा, बुवा."

"करूनच मागतो आहे."

"मग ऐका. तुमच्या अंगात प्राण आहे तोवर हे उलटवता येईल. तुम्ही गेलात की या कोंडलेल्या चिजांच्या खजिन्याला दार राहणार नाही."

"उलटवायचं आहे कुणाला?" बुवा म्हणाले.

वज्रनाभानं शेंगांची टरफलं झटकली आणि एक लांब श्वास आत घेतला. राज्यभरच्या गळ्यांतून बुवांच्या चिजा सुटल्या, वाऱ्यावरून डोंगरात आल्या आणि त्यांची माणकं झाली. लाल, टपोरी, थंडगार माणकं. प्रत्येकाच्या पोटात 'दासो' अशी अक्षरं तेवत होती. गुहा त्यांनी भरून गेली. बुवांनी एक माणिक उचलून कानाशी धरलं. आत काहीच वाजत नव्हतं. असू दे, सुरक्षित तर आहे, असं म्हणून ते डोंगर उतरले.

खाली वेशीचे दरवाजे बंद होते. शिपाई पहारी लावून ते उघडू पाहत होते, दरवाजे ढिम्म हलत नव्हते. बुवा भिंतीच्या एका खिंडारातून वाकून आत शिरले. गावात बाळं रडत होती, गाई लाथा झाडत होत्या, लोणी वर येत नव्हतं. शिकतील दुसरी गाणी, असं बुवा पुटपुटले. घराच्या दारात लवंगिका उभी होती. ती हसून पुढं आली, 'आजोबा, दमलात ना' असं म्हणायला तोंड उघडलं, आणि नुसता वारा बाहेर आला.

तिनं पुन्हा बोलून पाहिलं. पुन्हा वारा. तिनं गळ्याला हात लावला आणि आजोबांकडे अशा नजरेनं पाहिलं, की बुवांचं काळीज लक्कन हललं. त्या गळ्यात त्यांच्या चिजांवाचून दुसरं काही भरलेलंच नव्हतं. चिजा गेल्या, त्यांच्याबरोबर आवाजही गेला. "अगं पोरी, हे मी काय करून बसलो!" असं म्हणून बुवा उंबऱ्यातच खाली बसले. पोरीला तर काहीच ठाऊक नव्हतं. तिनं आत जाऊन त्यांना पाण्याचा तांब्या आणून दिला.

दुसऱ्या दिवशी राजा पद्मसेन स्वतः बुवांच्या घरी आला.

"बुवा, हे आपण केलंत?"

"मीच केलं, महाराज."

"दरवाजे मी फोडून घेईन. बाळांना आया सांभाळतील. पण या मुलीचं काय?"

"मी परत जातो."

"घोडा देतो."

"घोड्यावर बसायचं वय गेलं. आणि मी जिवंत आहे तोवरच हे उलटणार आहे." बुवांनी छातीवर हात ठेवला. राजाला कळलं. हा म्हातारा वाटेत पडला, तर मुलगी जन्मभर मुकी राहणार होती. राजानं स्वतःची चादर त्यांच्या खांद्यावर घातली.

काजळमाथ्याच्या पायथ्याशी एका बाभळीवर पक्षी बसला होता. काळाभोर, शेपटीला मधोमध फाटा. त्याला कोतवाल म्हणतात, तुम्ही पाहिला असेल. तो आधी मैनेसारखा बोलला, मग शिक्र्यासारखा, मग माणसासारखा.

"एवढ्यात परत?" कोतवाल म्हणाला.

"तुझा स्वतःचा आवाज कोणता रे?" बुवांनी विचारलं.

"स्वतःचा नाहीच. मी सगळ्यांचे घेतो. माझा बापही घेई."

"लाज वाटत नाही?"

"कशाची? मैनेचा सूर मी जरा सुधारूनच म्हणतो. मैनाही कबूल करते."

बुवांना अशाही वेळी हसू आलं. कोतवाल त्यांच्याबरोबर झाडाझाडांवरून चढू लागला. त्यानं सांगितलं, की खजिन्याच्या वाटेवर तीन अटी आहेत. तिथं बळ चालत नाही, मंत्र चालत नाही, आणि राजाचा हुकूम तर मुळीच चालत नाही. मग वाट लांबची म्हणून त्यानं विचारलं, "बुवा, चीज येते कुठून?"

बुवा काठी टेकून थांबले. "खरं सांगू? जन्म गेला, पण मला ठाऊक नाही. पाय धुताना येते. भात लागायला आला, वास सुटला, की नेमकी तेव्हा येते. बैठक मारून, तंबोरा जुळवून वाट पाहत बसलो की फिरकत नाही. आणि आली की वाटतं, ही होतीच इथं, मी नुसता बाजूला झालो."

"मग ती तुमची कशी?"

"तू फार बोलतोस," बुवा म्हणाले आणि चालू लागले.

पहिलं दार दगडाचं होतं आणि त्याला तोंड होतं. दारानं विचारलं, "तुमची पहिली चीज कुणाची?"

"माझी."

दार हललं नाही. "पहिली चीज कुणाची?"

"माझीच. सोळाव्या वर्षी बांधली, गुरुजींनी पाठ थोपटली होती."

दार मुळीच हललं नाही. बुवा चिडले, मग दमले, मग एका दगडावर बसले. डोळे मिटले, तर जात्याची घरघर ऐकू आली. आई दळत होती आणि लहानगा दासो तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता. पिठाचा वास, आईच्या हाताचा हेलकावा, आणि ओवीची ती वर जाऊन खाली येणारी चाल. बुवांनी डोळे उघडले.

"आईची," ते म्हणाले. "तिच्या ओवीचीच चाल होती. मी तिचा खालचा सूर वर नेला, ताल बदलला, आणि शेवटी माझं नाव घातलं. तिला कधी सांगितलंही नाही." दार सरकलं.

दुसऱ्या दारापुढे घटोदर नावाचा राक्षस बसला होता. पोट रांजणाएवढं, आवाज वंगण न घातलेल्या गाडीसारखा. माणकांच्या शेजारी राहत असल्यामुळे बंद झालेल्या चिजा फक्त त्यालाच ऐकू येत, आणि तो दिवसभर त्या म्हणत बसे.

"अट सोपी आहे," घटोदर म्हणाला. "मी गातो. सूर्य मावळेपर्यंत ऐकायचं. तोंडातून आवाज काढायचा नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यानं 'पैलतीरी उजाडले' सुरू केलं. अरे देवा! सूर खाली, ताल वर, शब्द कुठल्या कुठं. बुवांनी दात आवळले, मुठी वळल्या. पण ऊन डोक्यावर येण्याआधीच त्यांच्या तोंडून "च्च" निघालंच. तत्क्षणी दार हातभर जाड झालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तोंडात पंच्याचा बोळा कोंबला. त्यातूनही "च्च" निसटलं, आणि दार आणखी जाड झालं. घटोदराला वाईट वाटलं. "इतकं का हो वाईट गातो मी?" असं त्यानं विचारलं.

तिसऱ्या दिवशी छातीत अशी कळ आली, की बुवांना भिंतीला टेकावं लागलं. आता इथंच सगळं संपणार असं त्यांना वाटलं. लवंगिका दारात उभी राहून वाट पाहत असेल, आणि कुणी विचारलं तर सांगायलाही तिच्याजवळ आवाज नसेल. चुका मोजायचं त्राणच त्यांच्यात उरलं नाही. ते नुसते ऐकत पडले. आणि ऐकता ऐकता त्यांच्या ध्यानात आलं, की राक्षस प्रत्येक वेळी 'उजाडले'वर थांबतो. ताल पुढं निघून जातो, हा तिथंच राहतो, कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखा. मग गडबडीनं उरलेली ओळ गाठतो. ते ऐकताना बुवांच्या अंगावर काटा आला. असा काटा त्यांच्या अंगावर कित्येक वर्षांत आला नव्हता.

सूर्य मावळला. बुवांनी विचारलं, "तिथं का थांबतोस?"

"माझी बायको गेली तेव्हा नुकतं उजाडत होतं," घटोदर म्हणाला. "ती जागा आली की माझा पाय निघत नाही."

बुवा उठून त्याच्याजवळ बसले. मग म्हणाले, "थांबत जा. ती जागा थांबायचीच आहे. मला बांधताना कळलं नव्हतं."

घटोदर रडू लागला आणि दार उघडलं. एवढं जाड झालेलं दार, पण कसलाही आवाज न करता उघडलं.

आत माणकं रचून ठेवली होती आणि त्यांच्यामध्ये वज्रनाभ बसला होता.

"तिसरी अट सांगा," बुवा म्हणाले.

"एकेक माणिक हातात घ्यायचं. त्यातली चीज एकदा म्हणायची, छाप सोडून. ती सुटेल, ज्याच्या गळ्यात जायची तिथं जाईल. पण सुटली की तुमच्याजवळ राहणार नाही."

"म्हणजे?"

"आठवणार नाही. कशी होती, कधी बांधली, कुणाची, काही नाही."

"सगळ्याच?"

"सगळ्याच. एक जरी मागं ठेवलीत तरी मुलीचा गळा अर्धाच उघडेल."

बुवांनी माणकांच्या राशींकडे पाहिलं. सगळा जन्म तिथं रचून ठेवला होता. त्यात उपास होते, भांडणं होती, पुसून टाकलेले अंतरे होते, ज्यांच्यासाठी बांधल्या ती केव्हाच निघून गेलेली माणसंही होती. बुवा म्हणाले, "मग माझं काय उरेल?"

"ते मला ठाऊक नाही. मी फक्त सांभाळतो."

बुवा लहान मुलासारखे रडले. मरण यायचं ते येईल, पण आधी असं थोडं थोडं मरायचं? मनात आलं, एक तरी ठेवावी. पोरगी अर्ध्या आवाजातही बोलेल की. मग त्यांना तिचं ते वारा निघालेलं तोंड आठवलं, आणि स्वतःचीच इतकी चीड आली, की त्यांनी हाताला लागलं ते पहिलं माणिक उचललं.

ते ताक घुसळायच्या गाण्याचं होतं. बुवांनी म्हटलं, छाप सोडली, आणि माणिक हातातून धुरासारखं निघून गेलं. ते गाणं त्यांनी बायकोसाठी बांधलं होतं, लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत. बायको आठवत राहिली, थंडीही आठवली, गाणं मात्र पुसलं गेलं. मग धारेचं गेलं, मोटेचं गेलं, राज्याभिषेकाचं गेलं. काही जाताना हलकं वाटे. काही जाताना दाढ उपटल्यासारखं होई. निजवायचं गाणं हातात आलं तेव्हा बुवा फार वेळ ते धरून बसले. लवंगिका पोरकी होऊन त्यांच्याकडे आली, तेव्हा तिचं रडं थांबेना म्हणून ते बांधलेलं होतं.

"दमलात तर उद्या करा," वज्रनाभ म्हणाला.

"उद्याचं वैद्यांनाही ठाऊक नाही," बुवा म्हणाले आणि गायले.

सर्वांत शेवटी एकच माणिक उरलं. ते कोणतं, हे मी सांगायला नको. बुवांनी ते सावकाश म्हटलं, आणि 'उजाडले' आलं तेव्हा तालाला पुढं जाऊ देऊन ते तिथं थांबले. बाहेर घटोदरानं हुंदका दिला. मग माणिक गेलं आणि गुहा रिकामी झाली. दासोबुवांना आपलं नाव आठवत होतं, नात आठवत होती, घरची वाट आठवत होती. एकही चीज आठवत नव्हती. वज्रनाभानं त्यांना मूठभर शेंगा दिल्या, त्या खात खात ते डोंगर उतरले.

तोवर राज्यात सगळं जागच्या जागी आलं होतं. वेशीचे दरवाजे असे भसकन उघडले, की त्यांना टेकून पेंगणारे दोन शिपाई बाहेर पडले. बाळं निजली, लोणी वर आलं, गाई शहाण्यासारख्या उभ्या राहिल्या. राजा पद्मसेनाला पुन्हा काही काम उरलं नाही आणि तो सुखी झाला. शाप पूर्ण फिटला. प्रत्येक चिजेच्या शेवटी नावाची जागा तेवढी रिकामी झाली होती. लोकांना वाटलं, ती पूर्वीपासून तशीच असावी.

बुवा घरापाशी पोचले ते सकाळच्या कोवळ्या उन्हात. अंगणात लवंगिका तुळशीला पाणी घालत होती आणि गात होती: 'पैलतीरी उजाडले, नावाड्या, नाव सोड.' बुवा फाटकापाशीच उभे राहिले. तिला हाक मारून ते गाणं मोडावं असं त्यांना वाटेना. तिनं एका जागी सूर असा हलकेच वळवला, की बुवांच्या डोळ्यांना धारा लागल्या. गाणं संपलं तेव्हा त्यांनी फाटक लोटलं.

"आजोबा!" लवंगिका धावत आली. तो आवाज ऐकून बुवांनी दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरला. मग ते पायरीवर बसले आणि म्हणाले, "कुणाची गं ही चीज?"

लवंगिका हसली. तिला वाटलं, आजोबा थट्टा करताहेत. मग तिनं त्यांच्या डोळ्यांत पाहिलं आणि तिचं हसू मावळलं. आपला आवाज कशाच्या मोलानं परत आला, हे तिला तिथं उभ्या उभ्या कळलं. सांगावं, ओरडून सांगावं, असं तिला फार वाटलं. पण आजोबांच्या चेहऱ्यावर कसलं दुःख नव्हतं. जन्मात पहिल्यांदाच गाणं ऐकलेल्या माणसासारखा तो चेहरा होता.

"आपल्या घरातलीच आहे, आजोबा," ती कशीबशी म्हणाली.

"फार सुंदर आहे. ज्यानं बांधली त्यानं नदीवर उजाडताना पाहिलं असणार." बुवांनी काठी बाजूला ठेवली आणि पायरीवरून उतरून ते खाली जमिनीवर, शिष्यानं बसावं तसे बसले. "मला शिकवशील?"

लवंगिकेनं पदरानं डोळे पुसले. ती त्यांच्यासमोर बसली आणि तिनं पहिली ओळ दिली. बुवांनी ती घेतली, चुकली. तिनं पुन्हा दिली, पुन्हा चुकली. या वेळी दोघंही हसली.

"रोज थोडी थोडी दे," दासोबुवा म्हणाले. "मला काही घाई नाही."

बुवा त्यानंतर किती दिवस शिकले, ते कुणी मोजलं नाही. त्या पोरीचा गळा जसा मोकळा झाला, तसा ऐकणाऱ्यांचा आणि सांगणाऱ्याचाही होवो.